वीस मिनिटांत बरे वाटले, तरी त्याच दिवशी दवाखान्यात जावे

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ४२, शाळेत शिक्षिका आहे. माझी आई, वय ६७, निफाड तालुक्यात गावी भावाकडे असते. मागच्या सोमवारी सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला. वहिनीने काय झाले म्हणून विचारले तर तिला सांगता येईना. पाणी मागायचे होते आणि ती 'पातेले, पातेले' म्हणत होती. वीसेक मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. 'रात्रीचे वांगे बाधले, पित्त झाले,' असे म्हणून तिने उरलेल्या भाकरी केल्या आणि बागेत कामालाही गेली. तिला बीपीची गोळी दिलेली आहे, पण डोके दुखले तरच ती घेते. रोज सकाळी मशेरी लावते. भाऊ म्हणतो, द्राक्षांची काढणी उरकली की दाखवू. शेजारचे म्हणतात, अंगावरून वारे गेले असेल, लकव्याचे औषध देणाऱ्याकडे न्या. मला स्वतःला अर्धशिशी आहे आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात. धाकट्याच्या वेळी आठव्या महिन्यात माझे बीपी वाढले होते. चैत्रात सप्तशृंग गडावर जायचे आहे, त्यासाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेण्याचा विचार आहे. आईचे ऐकल्यापासून धास्ती बसली आहे. हे मलाही होईल का?

उत्तर : प्रिय ताई,

तुमचे पत्र गुरुवारी हाती आले. छापील उत्तराला आठवडा लागतो आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तेवढे थांबणे धोक्याचे होते, म्हणून त्याच दुपारी तुम्हाला निरोप पाठवला की काढणी राहू द्या आणि आईंना आजच्या आज नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांकडे आणा. तुम्ही त्यांना आणलेत हे कळले आणि जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहिते, कारण असाच एखादा प्रसंग 'पित्त' म्हणून सोडून दिलेली घरे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

तुमच्या पत्रातली ती परात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. भाकरी थापताना हाताला किती बारीक काम असते हे रोज करणारीला जाणवतही नाही. तळव्याचा दाब, बोटांनी कड सारखी करणे, पिठावर ती अलगद फिरवत नेणे, हे सगळे तुमच्या आईंनी पन्नास वर्षे तरी केले असेल. असा हात अचानक थांबतो आणि नेमके त्याच वेळी पाण्याला पातेले म्हटले जाते, तेव्हा दोन्ही गोष्टींचे मूळ एकच असते. उजव्या हाताची हालचाल मेंदूच्या डाव्या भागातून चालते, बहुतेक माणसांचे बोलणेही तिथूनच चालते आणि या दोन्ही जागांना मुख्यतः एकाच धमनीचे रक्त मिळते. पित्ताने मळमळते, डोके चढते, उलटी होते; पण पित्त एकाच हातातली शक्ती काढून घेत नाही आणि तोंडात भलता शब्द आणत नाही. तेव्हा त्या वीस मिनिटांत त्या धमनीचा रक्तपुरवठा अडला होता आणि नंतर तो आपोआप मोकळा झाला, असे समजूनच पुढचे सगळे करायला हवे.

याला डॉक्टर टीआयए म्हणतात. मराठीत क्षणिक पक्षाघात म्हणू. बहुधा रक्ताची छोटी गुठळी कुठून तरी वाहत येते, मेंदूतल्या धमनीत अडकते आणि विरघळून जाते. माणूस बरा होतो, पण जिथून ती गुठळी आली ती जागा तशीच असते आणि तिथून दुसरी, कदाचित मोठी गुठळी सुटू शकते. पूर्ण पक्षाघाताचा धोका अशा प्रसंगानंतर पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, अशा रुग्णांना लगेच तपासून लगेच उपचार सुरू केले तर पुढच्या तीन महिन्यांत पक्षाघात होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटते. एवढा मोठा फायदा देणारे उपचार वैद्यकात फार थोडे आहेत आणि तो मिळतो तो बरे वाटत असताना दवाखान्यात गेलेल्या माणसाला. म्हणून तुमच्या भावाला माझ्या वतीने सांगा की, काढणी आठ दिवस पुढे गेली तर मालाचे नुकसान होईल हे मला ठाऊक आहे, पण आईंचे हे दुखणे त्या आठ दिवसांतलेच होते.

आईंचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून 'काही नव्हतेच' असे घरात कोणी म्हणू लागले तर ते मान्य करू नका. अशा प्रसंगानंतर सीटी पुष्कळदा नॉर्मलच असतो. एमआरआयमध्ये अधिक बारकाईने दिसते. मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी आवर्जून करून घ्या, कारण तिथे धमनी फारच अरुंद झालेली असेल तर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया पहिल्या दोन आठवड्यांत केल्यास तिचा उपयोग जास्त होतो. ईसीजी, साखर आणि कोलेस्टेरॉल हे तर होईलच. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तर पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो आणि त्यावरची रक्त पातळ ठेवणारी औषधे वेगळी असतात. आईंना लहानपणी तापाबरोबर सांधे सुजण्याचा आजार झाला होता का, हे मामांना किंवा मावशींना विचारून डॉक्टरांना सांगा. त्या आजाराने हृदयाची झडप खराब झालेल्या पुष्कळ स्त्रिया आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यात कमी वयातही पक्षाघात दिसतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे उत्तर इतके लांबवते आहे ती सांगते. मी वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझी मावशी रात्री जेवण वाढता वाढता भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली की गरगरते आहे, डाव्या पायात मुंग्या आल्या आहेत, जरा पडते. आम्ही सगळे जेवत होतो. तिने स्वतःच 'कोणी उठू नका' म्हटले आणि आम्ही कोणी उठलो नाही. पहाटे तिचे डावे अंग गेलेले होते. पुढची नऊ वर्षे तिने अंथरुणात काढली आणि त्या नऊ वर्षांत एकदाही तिने आम्हाला दोष दिला नाही. दवाखान्यात रोज भेटणाऱ्या बायकांकडे मी त्या रात्रीच्या आठवणीने पाहते. बाईला काही होते तेव्हा ती आधी दूध उतू जाणार नाही ना ते बघते, मग पाहुण्यांचे बघते, आणि स्वतःच्या दुखण्याला पित्त, अशक्तपणा, उपवास, जागरण असे एखादे सौम्य नाव देऊन टाकते. घरचेही ते नाव लगेच स्वीकारतात, कारण त्यात सगळ्यांचीच सोय असते. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर ओळखणारेच कोणी जवळ नसते.

त्यात आणखी एक अडचण आहे. स्त्रियांनाही पक्षाघाताची नेहमीची ठळक लक्षणे होतातच, पण त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्या आधी अचानक गोंधळल्यासारखे होणे, सगळे अंग गळून जाणे, मळमळणे, डोके दुखणे अशी मोघम लक्षणे पुरुषांपेक्षा त्यांच्यात अधिक आढळतात. दवाखान्यातही कधी कधी त्यावर 'टेन्शन घेऊ नका' एवढेच उत्तर मिळते. म्हणून एक शब्द पक्का लक्षात ठेवा : अचानक. अशक्तपणा हळूहळू येतो आणि आठवडाभर राहतो. पक्षाघात आला तेव्हा तुम्ही नेमके काय करत होता हे सांगता येते, जसे तुमच्या वहिनींना सांगता आले.

घरात कोणाला असे झाले असे वाटले तर तिला समोर बसवून हसायला सांगा आणि ओठांचा एक कोपरा खाली ओघळतो का पाहा. दोन्ही हात समोर सरळ धरून डोळे मिटायला सांगा; एक हात हळूहळू खाली येऊ लागला तर तो दुबळा झालेला आहे. मग 'थेंबे थेंबे तळे साचे' एवढे म्हणायला सांगा. शब्द अडखळले, भलतेच आले, किंवा काय म्हणायचे तेच तिला कळले नाही, तर बोलण्याचे केंद्र अडचणीत आहे. उभे राहताना एकाच बाजूला झोक जाणे, एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे, एकाचे दोन दिसणे, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकाएकी सुरू होणे, हीही लक्षणे आहेत. यांतले एकही दिसले तर तेवढे पुरे आहे. दुसऱ्याची वाट पाहू नका. तोंड वाकडे होण्याचा एक वेगळा, मेंदूशी संबंध नसलेला आजारही असतो, पण तो कोणता हे घरी ठरवत बसण्याची ही वेळ नव्हे.

आणि त्या क्षणी घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवा. रुग्ण शेवटची ठणठणीत कधी दिसली, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी धमनी बंद असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गुठळी बाहेर काढता येते. तो उपचार साधारण सहा तासांपर्यंत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करतात. पण साडेचार तास आहेत म्हणून चहा करून, कपडे बदलून निघू, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मोठ्या धमनीच्या पक्षाघातात दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

निफाडहून नाशिक रस्ता मोकळा असेल तर तासाभराचे. सायंकाळी द्वारका चौकात अडकलात तर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. म्हणून आधीच दोन-तीन रुग्णालयांत फोन करून विचारून ठेवा की चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो का, मेंदूविकारतज्ज्ञ बोलावल्यावर येतात का आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्यांच्याकडे ठेवलेले असते का. ज्यांचे उत्तर तिन्ही प्रश्नांना होय असेल त्यांचा क्रमांक भावाच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहा, शेजारी १०८ लिहा, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का तेही विचारा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून 'सकाळी बघू' म्हणत असतील तर नम्रपणे नकार द्या आणि निघा. वाटेत तिला कुशीवर झोपवा; पाणी, चहा, लिंबूसरबत काहीही देऊ नका, कारण गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते फुप्फुसात उतरते. ॲस्पिरिनची गोळीही घरी देऊ नका. बहुतेक पक्षाघात गुठळीने होतात हे खरे, परंतु काही रक्तवाहिनी फुटून होतात, आणि तिथे तीच गोळी घात करते. कोणता प्रकार आहे हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. रुग्णाला मधुमेह असेल तर हे निघताना सांगा, कारण साखर फार उतरल्यावरही असेच चित्र दिसते.

लकव्याचे औषध देणाऱ्यांविषयी शेजाऱ्यांनी सुचवले, त्यात त्यांचा हेतू चांगलाच असणार. अंगावरून वारे गेले असे आपले आजी-आजोबा म्हणत, कारण हे दुखणे तसेच येते, दिसत नाही आणि माणूस आडवा होतो. पण कबुतराचे रक्त चोळल्याने किंवा कोणते तेल जिरवल्याने मेंदूतली गुठळी हलत नाही. तिथे जाण्यात रुग्णाचे ते पहिले काही तास जातात आणि ते परत मिळत नाहीत. ज्यांना अशा औषधाने गुण आला असे सांगतात, त्यांच्यातल्या काहींना तुमच्या आईंसारखा क्षणिक पक्षाघातच झालेला असावा, जो औषधाविनाही ओसरला असता.

आता आईंच्या रोजच्या गोष्टी. पक्षाघाताच्या कारणांत सर्वांत मोठे कारण रक्तदाब आहे आणि तो बहुधा दुखत नाही. म्हणून डोके दुखले तर गोळी, हा हिशेबच चुकतो. गोळीची 'सवय लागते' असे त्यांना वाटत असेल तर सांगा की चष्मा लावल्याने डोळ्याला सवय लागत नाही, दिसते. वरचा रक्तदाब १० अंकांनी उतरला तरी पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने कमी होतो. मात्र मोजण्याची पद्धत नीट हवी : पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून, आणि आधी अर्धा तास चहा किंवा मशेरी न घेता.

मशेरीचे मी मुद्दाम वेगळे लिहिते. गावाकडे मशेरी लावणाऱ्या बाईला कोणी तंबाखूचे व्यसन आहे असे म्हणत नाही, ती दात घासते असेच म्हणतात, आणि म्हणून तपासणीत 'तंबाखू?' विचारल्यावर ती मान हलवून नाही म्हणते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. ती हिरड्यांतून रक्तात जाते आणि रक्तवाहिन्यांचे नुकसान करते. एका दिवसात सुटणार नाही. सकाळचा तो वेळ आणि तो हात रिकामा राहतो, तेव्हा डबी उचलून ठेवण्यापेक्षा वहिनींनी त्या वेळी त्यांच्याबरोबर बसणे अधिक उपयोगी पडेल.

मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, इतकेच असावे आणि त्यात भाकरीच्या पिठातले, ठेच्यातले, पापड-लोणच्यातले, मिसळीवरच्या शेव-फरसाणातले सगळे मीठ आले. हळूहळू कमी केले तर जीभ मानते. साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या नियमित घ्याव्यात, एवढेच येथे पुरे.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. आईंना झाले म्हणजे तुम्हाला होईलच असे मुळीच नाही आणि चाळिशीतल्या स्त्रीत हा धोका एकूण कमीच असतो. पण तुमच्या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या पाहिजेत. दुखण्याआधी चमकणाऱ्या रेघा दिसतात त्या प्रकारच्या अर्धशिशीत गुठळीच्या पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांत, विशेषतः त्याबरोबर लघवीतून प्रथिने गेली असतील तर, पुढच्या आयुष्यात पक्षाघाताचा धोका तेवढाच वाढलेला दिसतो. बाळंतपण झाले, बीपी उतरले, फाईल कपाटात गेली, असे होते आणि पुढे कोणी विचारत नाही. ती फाईल शोधून काढा, तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाब दर वर्षी मोजून घ्या. तुम्हाला ओळखीच्या असलेल्या रेघा हळूहळू पसरतात आणि तासाभरात जातात. त्या कधी नेहमीपेक्षा वेगळ्या आल्या, किंवा हात-पाय वा बोलणे एकदम बिघडले, तर 'माझी अर्धशिशीच' म्हणून थांबू नका.

तिसरी गोष्ट गोळीची. पाळी पुढे ढकलण्याची गोळी औषधांच्या दुकानात मागितली की मिळते आणि नवरात्र, सत्यनारायण, लग्न, गडाची वारी यांसाठी बायका ती परस्पर घेतात. त्यातल्या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजनने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. अशा गोळ्यांनंतर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झालेल्या तरुण स्त्रिया आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिल्या आहेत आणि त्यांची नोंद केली आहे. चैत्राचे ऊन, गडाची चढण आणि निर्जळी उपवास यांनी रक्त आणखी दाट होते. बहुतेक जणींना या गोळीने काही होत नाही हे मी मान्य करते, पण तुमच्यासारख्या पूर्वेतिहासाच्या स्त्रीने ती स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि इस्ट्रोजन असलेली गर्भनिरोधक गोळी तर टाळावीच. मी तुमच्या जागी असते तर गोळी न घेता तारीख बदलून गेले असते. देवीच्या दर्शनाला वर्षभर वाट मोकळी असते. जाल तेव्हा पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि उपवास असला तरी पाणी पीत राहा.

याच संदर्भात घरात कोणी बाळंतीण असेल तर तिला पाणी कमी देण्याची जुनी पद्धत बंद करा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अशा शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा फिट येणे असे काही झाले तर ती बाधा किंवा थकवा समजू नये.

पुढच्या रविवारी गावी जाल तेव्हा बीपीचे यंत्र घेऊन जा आणि वहिनींना मोजायला शिकवा. दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा आणि ती वही, सध्याच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि डॉपलरचा अहवाल घेऊन आईंना पुन्हा तज्ज्ञांकडे न्या. आकडे सतत १४०/९० च्या वर राहत असतील तर दोन आठवडे पुरे होण्याची वाट न पाहता फोन करा. आईंनी 'मला बरे आहे' म्हटले तरी न्या.